उत्तरेच्या भिंतीचं कोडं सुटलं, पॅनल मात्र उतरवली

मे महिन्यातल्या नोंदीत गॅरेजच्या ज्या उत्तरेच्या भिंतीला पीव्हीसीची (प्लॅस्टिकची) पॅनल ठोकून "झाली एकदाची" असं लिहिलं होतं, ती नुकतीच मी स्वतःच्या हाताने सोलून काढली. चतुर्थीची गडबड संपली, रोडकिंग मोटरसायकलचं इंजिन पुन्हा बाकावर घ्यावं म्हणून गॅरेज उघडलं, तर कुजट वास. जमिनीलगतचं पीव्हीसी पॅनल दाबलं तर ते आत गेलं. काढून बघतो तर मागच्या लाकडी रिपा काळ्या पडलेल्या, दोन ठिकाणी वाळवीची मातीची नळी चढलेली आणि प्लास्टरवर कापसासारखा पांढरा खार. ड्रायवॉलच्या (जिप्सम बोर्ड बसवायच्या) काळ्या स्क्रूंची डोकी पेचकस लावताच गळून पडत होती. कोकणात हे स्क्रू वापरू नका. एका पावसाळ्यात त्यांचं काम संपतं. जस्ताचा मुलामा दिलेले घ्या, नाहीतर सरळ ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे.

पहिले दोन दिवस ओलावा मोजायच्या मीटरने खाल्ले. दोन टोकांचा, टोचून बघायचा मीटर भिंतीवर कुठेही लावला तरी आकडा वरच. छताजवळ २६ टक्के, जमिनीजवळ २८. म्हणजे सगळी भिंतच भिजलेली, असं वाटून मी खचलो होतो. मग लक्षात आलं की हा मीटर लाकडासाठी बनवलेला आहे. तो विजेचा रोध मोजतो, आणि खार फुटलेल्या भिंतीतून वीज सहज जाते, त्यामुळे आकडा फुगतो. लाकूड निवडायला हा मीटर उत्तम, पण चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीवर त्याचं ऐकू नका.

कोडं सोडवलं ते दोन रुपयांच्या प्लॅस्टिकने. दीड फूट चौरस पॉलिथिनचे दोन तुकडे घेतले, एक जमिनीपासून फूटभर वर आणि दुसरा पाच फुटांवर, चारही कडा टेपने घट्ट बंद करून चिकटवले. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या तुकड्याच्या आतल्या बाजूला थेंब, वरच्याच्या आतली बाजू कोरडी पण बाहेरून दव. हे बघून मला खरोखर आनंद झाला, कारण रोग एक नव्हता, दोन होते. खाली भिंत पाणी ओढून घेत होती. वर फक्त दमट हवा थंड भिंतीवर दवत होती. दोन्हींवर मी एकच पॅनल ठोकलं होतं आणि दोन्ही ओली मागे कोंडून ठेवली होती.

खालचं पाणी येतं कुठून, हे आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या मेस्त्रींनी एका वाक्यात सांगितलं. "भिंत भायरसून पाणी पिता, आणि तू तिका आतसून कपडे घालतस." बाहेर जाऊन मोजलं. मागचं खळं सपाट करताना उपसलेली माती भिंतीला टेकवून ठेवली होती, आणि ती आतल्या जमिनीपेक्षा १४ इंच उंच निघाली. चिरा सच्छिद्र, जोत्यात ओल अडवणारा थर नाही. आणखी काय होणार?

मग तीन दिवस कुदळ. माती भिंतीपासून ओढून काढली आणि पायाला धक्का नको म्हणून भिंतीपासून फूटभर लांब, दोन फूट खोल चर खणला. तळाला खडी, त्यावर भोकं पाडलेला चार इंची पाइप जिओटेक्स्टाइलच्या (पाणी जाऊ देणाऱ्या, माती अडवणाऱ्या) कापडात गुंडाळून, वर पुन्हा खडी. उतार दर दहा फुटांना दीड इंच, तोंड खालच्या माडांकडे. शुक्रवारी रात्री पाऊस लागला. सकाळी पाइपाच्या तोंडाखालची बादली काठोकाठ! इतके दिवस हे पाणी माझ्या भिंतीत जात होतं.

आता आतून काय? खालच्या तीन फुटांवर कोणतंही आवरण नको, हे पक्कं. सिमेंटचं प्लास्टर खरवडून चुन्याचा गिलावा करायचा, एकास तीन रेती, आणि वर चुन्याचे हात. चुन्यातून ओल बाहेर पडू शकते आणि तो क्षारधर्मी असल्याने बुरशीला थारा देत नाही. काम दिवाळीनंतरच, आत्ताच्या हवेत तो वाळणार नाही.

वरच्या भागासाठी पुन्हा पीव्हीसी नको. ओलीचा प्रश्न नसता तरी काढलंच असतं. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी बाकामागच्या पॅनलला खळगे पडले होते. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ होतं आणि जळलं तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतं, तेही पेट्रोलची टाकी उघडी असते त्या खोलीत. दुकानदाराने हिरवा, ओल सोसणारा म्हणून विकतात तो जिप्सम बोर्ड सुचवला होता. जिप्समच्या वजनाचा पाचवा भाग स्फटिकात बांधलेलं पाणी असतं, म्हणून आगीत तो टिकतो हे खरं. पण सतत ओलीत तो भुसभुशीत होतो. हिरवा असला तरी माझ्या भिंतीला नाही. म्हणून ८ मिलिमीटरचा फायबर सिमेंट बोर्ड ठरवलाय. आठ बाय चारचा एक पत्रा तीसेक किलोचा, एकट्याने उचलू नका. आणि ग्राइंडरने कापू नका, धुळीत सिलिका असते. चरा पाडून मोडा, मास्क लावून.

हे लिहिता लिहिताच बेत बदलतोय. भिंत वाळायला इंचाला एक महिना असा जुना ठोकताळा आहे. माझी भिंत नऊ इंची. म्हणजे पुढच्या पावसापर्यंत ती पुरती कोरडी होणारच नाही. मग बोर्ड भिंतीला ठोकायचाच कशाला? ४० मिलिमीटरच्या चौकोनी पाइपची स्वतंत्र चौकट भिंतीपासून दोन इंच सोडून उभी करायची, खाली जमिनीला, वर छताच्या पाइपला बांधायची. उभे पाइप दर १६ इंचांवर. बोर्ड तीन फुटांच्या वरच सुरू, वर छताशी फट, म्हणजे मागून वारा खेळेल. दर वैशाखात चार स्क्रू काढून मागे डोकावता येईल. वेल्डिंग घरचंच.

पूर्वेच्या भिंतीचं एक सांगायचं राहिलं. तिथलं १२ मिलिमीटरचं आयएस ७१० (मरीन प्रतीचं) प्लाय पावसाळाभर तसूभर हललं नाही. ७२ तास उकळण्याची परीक्षा पास झालेला माल आहे, महाग वाटला तरी घ्या. त्यावर ४५ अंशांत चिरलेल्या पट्ट्यांवर नट-बोल्टचे पाने (स्पॅनर) टांगलेत, आठपासून बत्तीस मिलिमीटरपर्यंत ओळीने, आणि हात न बघता जातो. तशाच पट्ट्या उत्तरेच्या चौकटीवर हव्यात, पण स्क्रू बोर्डात नाही, मागच्या पाइपातच. पट्ट्या प्लायच्या कराव्यात की घरात पडलेल्या जुन्या फणसाच्या, हे ठरत नाहीये. फणसाच्या पट्ट्या कोणी दमट गॅरेजात वापरल्या असतील तर मंगळवारच्या आत सांगा, त्या दिवशी पाइप आणायला जातोय.