कशालाच अर्थ नाही, तर मग आधार कशाचा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला बहुतेक वेळा काळजीपोटी विचारला जातो, क्वचित रागानंही. "तुम्ही स्वतःला शून्यवादी म्हणवता. जगाला हेतू नाही, घडणाऱ्या गोष्टींमागे अर्थ नाही, असं मानता. मग जगता कशाच्या आधारावर?"

आधी शब्दाचा घोळ मिटवते. शून्यवाद म्हटलं की काहींना बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन आठवतो. त्याची शून्यता वेगळी. कुठलीच वस्तू निव्वळ स्वतःच्या बळावर उभी नाही, असं तो म्हणतो. काहीच नाही, असं म्हणत नाही. मी बोलते आहे ती एकोणिसाव्या शतकात युरोपात गाजलेल्या शून्यवादाबद्दल. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेनं १८८७च्या टिपणांत त्याच्या दोन तऱ्हा मांडल्या: एक थकून हातपाय गाळणारी, दुसरी जुनं पाडण्याची ताकद असलेली. लोक मला पहिल्या तऱ्हेतली समजतात, म्हणून त्यांना काळजी वाटते.

मी शून्यवादाकडे पुस्तकांतून आले नाही. माझा धाकटा भाऊ ११ वर्षांचा असताना त्याला रक्ताचा कर्करोग झाला. घरी येणारा प्रत्येक जण आईला काहीतरी कारण देऊन जायचा. देवाची इच्छा असेल. तुमची परीक्षा असेल. यातूनही काही चांगलंच निघेल. सगळे मायेनं बोलत होते, पण आईला त्यातून एवढंच ऐकू यायचं: कारण आहे, म्हणजे कुणाचं तरी चुकलं आहे. मग ती रात्र रात्र स्वतःची चूक शोधत बसे. शेवटी तिनं डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, "तुमचं काही चुकलेलं नाही. पेशी विभागताना आतल्या मजकुराची नक्कल होते, आणि नक्कल कधी कधी चुकते. त्यात कुणाचाच हेतू नसतो." आई तेव्हा पहिल्यांदा मोकळेपणी रडली. अर्थ नसणं ही केवढी मोठी दया असू शकते, हे मला त्या खोलीत कळलं.

१ नोव्हेंबर १७५५, पोर्तुगालमधलं लिस्बन. सर्व संतांचा सण, सकाळची प्रार्थना चालू, चर्च माणसांनी भरलेली. भूकंप झाला, मागून समुद्र आत आला, आणि कित्येक दिवस शहर जळत राहिलं. हजारो माणसं गेली. पुढे मालाग्रिदा नावाच्या धर्मोपदेशकानं छापून सांगितलं की ही पापांची शिक्षा आहे आणि लोकांनी पश्चात्ताप करावा. राज्याचा कारभार पाहणाऱ्या पोम्बलनं वेगळी वाट धरली. गावोगावच्या पाद्र्यांकडे एक प्रश्नावली गेली. हादरे किती वेळ बसले? नंतर किती बसले? समुद्र आधी चढला की ओसरला? विहिरींच्या पाण्याचं काय झालं? जमिनीला भेगा पडल्या का? "का" विचारलेलं नव्हतं, "कसं" विचारलेलं होतं. त्या उत्तरांवर भूकंपाचा अभ्यास करणारे आजही काम करतात. आणि नव्या इमारतींच्या भिंतींत लाकडाची पिंजऱ्यासारखी चौकट बसवली गेली, जमीन हलली तर घरानंही थोडं हलावं पण कोसळू नये म्हणून.

पोम्बलला कुणी शून्यवादी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण ती प्रश्नावली वाचताना मला वाटतं, भूकंपाला आपल्याशी काही बोलायचंच नाही, हे एकदा मान्य केलं की भूकंप नीट ऐकू येतो.

निसर्गाच्या बाबतीत हे आणखी अवघड, कारण तिथे आपण प्रेमानं खोटं बोलतो. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात एके काळी लांडगा "वाईट" प्राणी ठरला होता आणि हरीण "चांगला". १९१४ ते १९२६ या काळात तिथे किमान १३६ लांडगे मारले गेले, मग उरलेच नाहीत. एल्क हरणं फार वाढली, झाडांचे कोवळे कोंब त्यांच्या पोटात जाऊ लागले, आणि पुढे कित्येक वर्षं उद्यानाचेच लोक एल्क मारत होते. १९९५ आणि १९९६मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले. झाडं सावरू लागली, आणि लगेच नवी गोष्ट जन्माला आली: लांडग्यांनी जंगल वाचवलं, नद्यांची वाटसुद्धा बदलली.

ही गोष्ट मला फार आवडायची. मी ती कितीतरी जणांना सांगितली आहे. पण तिथे काम करणाऱ्या शास्त्रज्ञांत वाद आहे. अस्वलं, प्यूमा, माणसांची शिकार, दुष्काळ, ओढ्यांवर बांध घालणारे पण तिथून आधीच नाहीसे झालेले बीव्हर, या सगळ्यांचा वाटा आहे, आणि काही ठिकाणी वाळुंजाची झुडपं अजून सावरलेली नाहीत. म्हणजे आधी लांडग्याला खलनायक केलं, मग नायक. दोन्ही वेळा लांडगा बाजूलाच राहिला. आवडती गोष्ट हातातून सोडताना दुखतं, आणि माझ्या लेखी शून्यवाद म्हणजे ते दुखणं सोसायची तयारी. पटत नाही ते कुणीही नाकारतं. मनापासून हवंहवंसं वाटतं ते तपासायला घेणं, तिथे खरा कस लागतो.

"मग क्रूर वागलं तरी चालेल का?" असंही विचारता. नाही. विश्वाला माझ्या भावाची पर्वा नव्हती, म्हणून ती आम्हाला जास्तच करावी लागली. काळजी आमच्यातून येते, तिला वरून कुणाची सही लागत नाही.

तर, आधार. डॉक्टरांशी झालेल्या त्या बोलण्यानंतर आईनं एक वही सुरू केली. तारीख, वेळ, ताप, किती घास खाल्ले, किती तास झोप लागली, हसला का. भाऊ आणखी सात महिने जगला आणि वहीत एकाही दिवसाचा खंड नाही. एका पानावर दुपारी चारच्या नोंदीत ताप १०१ आहे आणि पुढे तिच्या अक्षरात लिहिलंय: खिडकीतून पाऊस बघायचा म्हणाला, उशी उंच केली.