चारच्या जागी सहा

झोप येत नाही म्हणून लिहायला बसले. कारण इतकं फुटकळ आहे की ह्यांना सांगितलं तर हसतील.

सकाळी रजिस्टरात चार लिहिले. आयएलआरचं, म्हणजे आमच्या लसींच्या फ्रिजचं, सकाळचं तापमान. सही ठोकली, पेन खिशाला लावला आणि आइसपॅक काढून टेबलावर मांडायला घेतले. आज लसीकरणाचं सत्र होतं, डबे न्यायला माणूस दारात येऊन उभा. तेवढ्यात नव्या सिस्टरने झाकण उचललं, थर्मामीटर पाहिलं आणि म्हणाली, "ताई, सहा आहे."

एवढंच. टोमणा नाही, काही नाही. पेंटा लसीच्या कुप्या मोजून घेतल्या न् गेली.

सहा म्हणजे काही बिघडलेलं नाही. दोन ते आठच्या आत आहे. लस सुखरूप, मुलं सुखरूप. शिवाय भिंतीवरचं यंत्र स्वतःच तापमान टिपत असतं, मर्यादा ओलांडली की मोबाईलवर मेसेज आदळतो. मेसेज आला नव्हता. मग माझं काय चुकलं? तर मी झाकण उघडलंच नव्हतं. वाकलेच नव्हते. चार माझ्या हातातून आपोआप उतरले.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मागची पानं चाळली. चार, चार, पाच, चार, चार, चार. मागच्या महिन्यात अर्धा दिवस वीज नव्हती, त्या दिवशीही सकाळी चार, संध्याकाळी चार. आतल्या बर्फाच्या अस्तरावर आयएलआर तग धरतो, झाकण उघडलं नाही तर तापमान फारसं हलत नाही, तेव्हा ते चार खरेही असतील. पण यातले पाहिलेले चार कुठले आणि नुसतेच लिहिलेले कुठले, ते मलाच सांगता येईना. सगळ्यांखाली सही माझीच, एकसारखी वळणदार.

अकरा वर्षं झाली या फ्रिजपाशी. बाळाला ताप आला की आख्खी वाडी दारात येते, पण लस नीट राहिली म्हणून कुणी चहा पाजल्याचं आठवत नाही. गणपतीच्या सुट्टीतही येऊन तापमान बघून गेले आहे मी. बदलीच्या अर्जाचं तर... जाऊ दे.

आणि हीच मी, उन्हाळ्यात कुणीतरी आयएलआरमध्ये पाण्याची बाटली ठेवली तेव्हा केंद्र डोक्यावर घेतलं होतं! आजसुद्धा चार लिहून झाल्यावर पाचच मिनिटांत त्या पोरीला धडा देत होते. आइसपॅक असा थेट फ्रीजरमधून कॅरियरमध्ये कोंबायचा नाही. टेबलावर घाम फुटू द्यायचा, मग कानाशी धरून हलवायचा, आत पाणी वाजलं तरच भरायचा. नाहीतर बर्फाला टेकून पेंटा गोठते. कुपीवरचा रंग बदलणारा व्हीव्हीएमचा चौकोन फक्त उष्णतेचं सांगतो, गोठल्याचं त्याला कळत नाही. शंका आली तर हलवून बघावं लागतं, मुद्दाम गोठवलेली कुपी शेजारी ठेवून. गोठलेलीत चोथा भराभर खाली बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. पोरगी मान डोलावत ऐकत होती. मी आइसपॅक कानाशी धरलेला, थेंब कोपरापर्यंत ओघळत होते, आणि मागे टेबलावर उघड्या रजिस्टरात माझे चार.

तिला तेव्हा काय वाटलं असेल? हेच डोक्यातून जात नाही. काही बोलली असती तर बरं झालं असतं. भांडले असते तिच्याशी. आम्ही शिकत होतो तेव्हा आमच्या सिस्टरबाई... त्यांचं रजिस्टर मी कधी पडताळून पाहिलं नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

संध्याकाळी साडेचारला झाकण उघडलं, चष्मा लावला, वाकले. कंबरेने लगेच हिशेब मागितला. पाच. पाच लिहिले. मग सकाळच्या चारांवर एक सरळ रेघ मारली, शेजारी सहा लिहिले, सही केली. अकरा वर्षांत त्या रजिस्टरात पहिली खाडाखोड. पान एकदम कुणीतरी खरंच बघून लिहिल्यासारखं दिसायला लागलं, याचं मला हसूच आलं.

मॅडम महिनाअखेरीला सही करतील तेव्हा विचारतील, हे काय? विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तर... मॅडम सही करताना पान बघतात का, हे आता कुठल्या तोंडाने विचारू?

साडेअकरा झाले. हे झोपेतच म्हणाले, दिवा घालव. घालवते.

फक्त उद्या सकाळी खरोखर चार निघाले तर पंचाईत. चार लिहायची आता चोरीच झाली. त्या पोरीला हाक मारून दाखवावे लागतील आधी.