रुमाल

नोकरीची तीस वर्षं मी कागद रुमालात बांधण्यात घालवली. लाल कापड, वर गाठ, गाठीत चिठ्ठी: गाव, साल, विषय. कुठलाही कागद मागा, पाच मिनिटांत साहेबांच्या टेबलावर. आणि निवृत्तीनंतर मुलानं कॉम्प्युटर घेऊन दिला, तर मी सगळं डेस्कटॉपवर ओतलं. पेन्शनचे कागद, लाइटबिलं, फोटो आणि ‘नवीन’, ‘नवीन १’, ‘नवीन खरं’. मागचं चित्र दिसेना.

सुट्टीला आलेली नात म्हणाली, “आबा, हा डेस्कटॉप आहे का आठवडी बाजार?”

ती फोल्डर म्हणत होती, मला रुमाल ऐकू येत होतं. घर, बँक, औषधपाणी, फोटो असे चारच बांधले. जास्त केले की कशात काय ठेवलं हे शोधण्यातच दिवस जातो. ऑफिसात तरी दुसरं काय होत होतं म्हणा! फाइलीवर एकदा टिचकी मारून एफ२ दाबलं की नाव बदलता येतं. तारीख मात्र उलटी लिहायची, आधी साल, मग महिना, मग दिवस: ‘२०२४-०३-०५ लाइटबिल’. आपल्या सवयीनं दिवस आधी लिहिला, तर नावानुसार लावताना साऱ्या महिन्यांच्या पाच तारखा एका जागी गोळा होतात. ही युक्ती मला नोकरीत सुचायला हवी होती.

डिलीटची धास्ती होती. पण रिसायकल बिन म्हणजे रद्दीवाला येईपर्यंत कोपऱ्यात पडलेली रद्दी, हवं ते परत काढता येतं. पेन ड्राइव्हवरचं पुसलं तर मात्र ते तिथं जात नाही, थेट कृष्णार्पण.

कृष्णेचं तर आम्हा सांगलीच्या गावभागातल्यांना सांगायलाच नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. कपाटाच्या खालच्या कप्प्यात आमच्या लग्नाचा अल्बम होता. त्याचा लगदा झाला. ही अजून मधूनच विचारते, “वरच्या कप्प्यात का नाही ठेवलात?”

त्यामुळं आता सगळ्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन मिरजेला बहिणीकडं ठेवलीय. दुसरी प्रत त्याच घरात ठेवली, तर दोन्ही एकदमच भिजायच्या. दर भाऊबीजेला जातो, नवं भरून देतो. बहिणीनं तो देवघरात, करंड्याशेजारी ठेवलाय. गेल्या खेपेला त्याला कुंकू लागलेलं. पुसून लावला, चालला.