तुम्ही विचारलंत म्हणून : सुगंधी तेल थेट त्वचेला लावावे का?

घरी सुगंधी तेलांच्या लहान बाटल्या पाहिल्या की बहुतेक जण मला एकच प्रश्न विचारतात : "हे नैसर्गिकच आहे ना? मग चेहऱ्याला दोन थेंब असेच लावले तर काय बिघडले?" मी 'असे लावू नका' म्हणतो आणि विषय बदलतो, कारणे सांगायची मात्र राहून जातात. ती सांगायलाच हवीत, कारण ही सुगंधी तेले, म्हणजेच इसेन्शियल ऑईल, मला मनापासून आवडतात आणि नीट वापरली तर ती उपयोगीही पडतात.

बदामाचे किंवा जोजोबाचे तेल त्वचेवर चोळले तर ते तिथेच राहते आणि त्वचेला मऊ ठेवते. लव्हेंडर, निलगिरी, टी ट्री (ऑस्ट्रेलियातील एका झाडाच्या पानांचे तेल) ही तेले त्या जातीची नाहीत. ती हवेत उडून जाणाऱ्या अनेक रसायनांची मिश्रणे असतात. पाने, फुले किंवा लाकूड यांतून वाफ सोडून ती ऊर्ध्वपातनाने, म्हणजे ती वाफ पुन्हा थंड करून काढतात, तर लिंबू-संत्र्यासारख्या फळांच्या बाबतीत साली नुसत्या दाबून काढतात. गुलाबाचे एक किलो तेल मिळवायला सुमारे ३,००० ते ५,००० किलो पाकळ्या लागतात, यावरून बाटलीतला अर्क किती तीव्र असतो याची कल्पना यावी. शिवाय यांतले बरेचसे पदार्थ झाडाने कीड आणि बुरशी दूर ठेवण्यासाठीच तयार केलेले असतात. ते नैसर्गिक आहेत हे खरे, पण त्यावरून ते सौम्य आहेत असे ठरत नाही.

म्हणून 'कोणते तेल घ्यावे' यापेक्षा 'किती घ्यावे' हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हिशेब सोपा आहे. एका मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब येतात. म्हणजे ३० मिलि. बदाम तेलात ६ थेंब सुगंधी तेल घातले की १ टक्का मिश्रण होते आणि १२ थेंब घातले की २ टक्के. चेहऱ्यासाठी अर्धा ते एक टक्का पुरतो, निरोगी प्रौढ माणसाच्या हातापायांना दोन टक्क्यांपर्यंत चालते. दालचिनी आणि लवंग यांची तेले मात्र मी चेहऱ्याच्या जवळपासही नेत नाही. दालचिनीच्या सालीतील सिनामाल्डिहाइड आणि लवंगेतील युजेनॉल ही दोन्ही रसायने त्वचेला सहज डिवचतात. मिश्रण तयार झाले की त्याचा एक थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. लाली, खाज किंवा पुरळ उठले तर ते तेल आपल्यासाठी नाही, मग ते कितीही महाग असो.

आंघोळीच्या पाण्यात थेंब टाकण्याची सवयही अशीच घातक आहे. ही तेले पाण्यात विरघळत नाहीत, वर तरंगत राहतात, आणि आपण टबात बसलो की तो न मिसळलेला तवंग नेमका नाजूक त्वचेला चिकटतो.

ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते ती गोष्ट म्हणजे तेलाचे वय. लव्हेंडरमधील लिनालूल आणि लिंबू-संत्र्याच्या तेलातील लिमोनीन यांचा हवेशी संपर्क आला की त्यांपासून हायड्रोपेरॉक्साइड नावाची संयुगे तयार होतात, आणि अ‍ॅलर्जी जडवण्याच्या बाबतीत ती मूळ रसायनांपेक्षा कितीतरी अधिक त्रासदायक असतात. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. पुढे त्याच सुगंधाचा साबण किंवा क्रीमही सोसत नाही. वर्षानुवर्षे सुखाने वापरलेल्या तेलाने अचानक पुरळ कसे आले, असे लोक विचारतात, त्याचे उत्तर अनेकदा अर्ध्या रिकाम्या बाटलीत असते, कारण तेल जितके कमी तितकी आत हवा जास्त. जुने झालेले लिंबाचे तेल नाकाजवळ धरले तर त्याचा तजेला गेलेला असतो, टर्पेंटाइनसारखा उग्र वास येतो आणि झाकणाच्या कडेला चिकटपणा लागतो. असे तेल त्वचेला लावू नये. बाटली गडद काचेची असावी, झाकण घट्ट असावे, ती थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावी. उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवण्याचा आग्रह मी सर्वांना करतो.

उन्हाचाही विचार हवा. बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या साली दाबून काढलेल्या तेलात बर्गाप्टेन नावाचे रसायन असते. ते त्वचेवर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखे फोड येतात आणि त्यांचे काळे डाग महिनोन् महिने राहतात. लिंबाच्या सालीच्या तेलातही हा दोष आहे, फक्त कमी प्रमाणात. अशी तेले लावली असतील तर निदान बारा तास तो भाग उन्हापासून झाकून ठेवावा, किंवा बर्गाप्टेन काढून टाकलेले तेलच घ्यावे.

मग फायदा काय? मुरमांसाठी टी ट्रीचे नाव उगाच घेतले जात नाही. १९९० साली ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५ टक्के टी ट्री जेलची तुलना ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड या मुरमांवरच्या नेहमीच्या औषधाशी केली होती. दोन्हींनी मुरमे कमी झाली, टी ट्रीला वेळ अधिक लागला, पण त्वचेला त्रास कमी झाला. तिथेही तेल पाच टक्केच होते, शुद्ध नव्हते, हे ध्यानात घ्यावे. ताणामुळे दुखणाऱ्या डोक्यासाठी कपाळाला लावायच्या १० टक्के पेपरमिंट द्रावणाचाही गुण अभ्यासांत दिसला आहे. लव्हेंडरच्या वासाने झोपण्यापूर्वी मन निवते, असा अनेकांचा आणि माझाही अनुभव आहे. निद्रानाशावरचा उपचार म्हणून मात्र मी ते कोणालाही सुचवणार नाही. डिफ्यूझर, म्हणजे तेलाचा वास खोलीत पसरवणारे उपकरण, अर्धा-पाऊण तास, खिडकी उघडी ठेवून लावला की पुरे. घरात दम्याचा रुग्ण असेल तर आधी त्याला विचारावे.

लहान मुलांच्या बाबतीत मी अगदी कठोर आहे. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ पेपरमिंट किंवा निलगिरी लावल्याने श्वास अडकण्याचा धोका असतो, आणि निलगिरीचे थोडे मिलिलिटर तेल पोटात गेले तरी मुलाला झटके येऊ शकतात. विंटरग्रीन या झुडपाचे तेल जवळजवळ सगळे मिथाइल सॅलिसिलेट हे अ‍ॅस्पिरिनच्या जातीचे रसायनच असते; त्याच्या एका चमचाभर, म्हणजे ५ मिलि. तेलातील सॅलिसिलेट सुमारे ७ ग्रॅम अ‍ॅस्पिरिनएवढे भरते. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनसारख्या गोळ्या चालू असलेल्यांनी हे तेल अंगालाही लावू नये. मांजर पाळले असेल तर टी ट्री त्याच्यापासून दूर ठेवावे, कारण असे पदार्थ शरीराबाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार कमी असते.

आणि चूक झालीच तर : त्वचेची आग होऊ लागली की आधी बदामासारख्या साध्या तेलाने ते पुसून काढावे, नंतर साबणाने धुवावे. डोळ्यांत गेले तर वाहत्या पाण्याने बराच वेळ डोळे धुऊन डॉक्टरांकडे जावे. मुलाने ते प्यायले असेल तर उलटी करवू नये, कारण तेल फुप्फुसात उतरू शकते. बाटली सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे.