आनंदीबाईंचं आजोळ

पोकीप्सीची गाडी न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलवरून सुटते. जाताना डाव्या हाताची खिडकी धरायची. शहर मागे पडलं की हडसन नदी रुळांना लागून वाहते, ती जवळजवळ शेवटपर्यंत. दोनेक तासांचा प्रवास. ऑक्टोबर होता, पलीकडच्या काठावरचे डोंगर तांबडे-पिवळे झाले होते, पण माझं अर्धं लक्ष मांडीवरच्या वहीत होतं. वहीत एकाच आडनावाची चार स्पेलिंगं लिहिलेली होती.

मी कल्याणची. डॉक्टर आनंदीबाई जोशींचं माहेर आमच्या गावचं. शाळेत बाई त्यांची गोष्ट सांगायच्या, ती पुण्यात संपायची. २६ फेब्रुवारी १८८७, क्षयानं मृत्यू, वय अवघं एकवीस. पुढचा भाग मला फार उशिरा कळला. त्यांचे पती गोपाळरावांनी अस्थी अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या, ज्यांनी आनंदीबाईंना तिथे घरी ठेवून घेतलं होतं, आणि बाईंनी त्या पोकीप्सीच्या दफनभूमीत ठेवल्या. म्हणून यंदा मुलाकडे न्यू जर्सीला आले तेव्हाच ठरवलं होतं की तिथे जायचं.

शोधायला बसले आणि अडले. कार्पेंटरबाई राहायच्या न्यू जर्सीतल्या रोझेलला, मुलाच्या घरापासून जवळच. आनंदीबाईही आधी तिथेच उतरल्या होत्या. मग अस्थी शंभरहून जास्त किलोमीटर उत्तरेला कशा? आणि दफनांच्या याद्यांमध्ये नाव घालून पाहिलं तर जोशी म्हणून काहीच हाती लागेना. इंग्रजीत आपण आज जोशीच्या शेवटी जे एकच अक्षर लिहितो, तिथे आनंदीबाई दोन ‘ई’ लिहायच्या. आनंदीबाईचं ‘आनंदाबाई’ही झालेलं असतं. एका अक्षरानं माणूस हरवतं, हे जुन्या नोंदी चाळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी कळतं.

स्टेशनवरून टॅक्सी केली. दफनभूमी शहराच्या दक्षिणेला, हमरस्ता आणि नदी यांच्या मध्ये. नाव ‘पोकीप्सी रूरल सिमेटरी’. यातलं ‘रूरल’ म्हणजे खेड्यातली नव्हे. एकोणिसाव्या शतकात गावातली चर्चची आवारं थडग्यांनी भरून गेली, तेव्हा अमेरिकेत शहराच्या कडेला बागेसारख्या दफनभूमी आखायची पद्धत सुरू झाली. बॉस्टनजवळची माउंट ऑबर्न १८३१ची, ती पहिली. वळणावळणाचे रस्ते, चढउतार, मोठाले वृक्ष. लोक रविवारी इथे फिरायला यायचे. इथून पुढे लागूनच तारायंत्रवाल्या सॅम्युएल मोर्सचं घर, लोकस्ट ग्रोव्ह.

कार्यालयातल्या बाईंनी माझी चारही स्पेलिंगं शांतपणे वाचली आणि विचारलं, “जागा कोणाच्या नावावर आहे?”

मला हे सुचलंच नव्हतं. मी मेलेल्या माणसाचं नाव शोधत होते. पण अशा दफनभूमीत जमिनीचा तुकडा, ज्याला ते लॉट म्हणतात, एखादं कुटुंब विकत घेतं. त्या लॉटमध्ये पुढे कोणाकोणाला ठेवलं, ते त्या कुटुंबाच्या नावाखाली सापडतं. आपल्याकडच्या सात-बाराची आठवण झाली. आधी खातेदार धरायचा, मग पुढचं उलगडतं.

मी म्हटलं, कार्पेंटर. आणि लगेच आठवलं, थिओडिशिया कार्पेंटर हे लग्नानंतरचं नाव. माहेरचं आडनाव एमी. मुलीलाही त्यांनी तेच नाव दिलं होतं. बाईंनी मान हलवली आणि नकाशावर एक फुली मारली. एमी कुटुंब, लॉट २१६-ए.

नकाशा घेऊन बाहेर आले आणि पायरीवर थोडा वेळ बसूनच राहिले. आनंदीबाई कार्पेंटरबाईंना मावशी म्हणायच्या. दंतवैद्याकडे ताटकळताना मिशनऱ्यांच्या एका मासिकात गोपाळरावांचं पत्र वाचून ज्या अनोळखी बाईनं हिंदुस्थानात पत्र धाडलं, ती मावशी. जून १८८३मध्ये अठरा वर्षांची मुलगी नवऱ्याशिवाय न्यूयॉर्कला उतरली तेव्हा तिला घरी नेणारी मावशी. त्या मावशीनं तिला आपल्या सासरच्या आडनावाच्या जागेत ठेवलं नाही, स्वतःच्या माहेरच्या माणसांत ठेवलं. आपल्या भाषेत मावशीचं माहेर म्हणजे काय? आजोळ.

चढ चढून गेले. वाटेत मॅथ्यू व्हॅसार यांचं स्मारक लागलं, वर ओकच्या फळाचा भलाथोरला दगडी आकार. मुलींना मुलांच्या तोडीचं शिक्षण मिळावं म्हणून १८६१मध्ये कॉलेज स्थापन करणारा माणूस. त्यांच्या गावात आनंदीबाई आहेत, याचा मला फार आनंद झाला.

आनंदीबाईंचा दगड साधा आहे. नाव, पुढे एम.डी., खाली १८६५ ते १८८७. मग ओळ, तिचा अर्थ असा की शिक्षण घेण्यासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री. ते ‘एम.डी.’ मी बोटानं चाचपून पाहिलं. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची ती पदवी मिळाली आणि वर्षही पुरतं लाभलं नाही. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं, तिथून हा ध्यास सुरू झाला होता. दगडावरच्या सालांची वजाबाकी केली तर बावीस येतात. पण जन्म ३१ मार्चचा, म्हणजे बाविसावा वाढदिवस महिनाभरानं हुकला. नोंद वाचताना नुसती सालं पाहू नयेत, तारखा पाहाव्यात.

‘ब्राह्मण’ शब्दापाशी मी अडखळले, खोटं कशाला बोलू. त्या जातीचा मान तिला जन्मानं मिळाला हे खरं, पण समुद्र ओलांडला म्हणून धर्म बुडाला असं म्हणणारेही तिचेच जातवाले होते. २४ फेब्रुवारी १८८३ला बंगालमधल्या सेरामपूरच्या सभेत उभं राहून, आपण अमेरिकेला का जातो, हे तिला भर गर्दीत सांगावं लागलं. मी त्या दगडावर नुसतं ‘डॉक्टर’ ठेवलं असतं. पण तो दगड मावशीच्या माणसांचा, शब्द त्यांचे. तिची कोणती ओळख जपायची हे त्यांनी त्यांच्या परीनं ठरवलं.

आपल्याकडे अस्थी वाहत्या पाण्यात सोडतात. तिच्या अस्थींनी तोच समुद्र पुन्हा ओलांडला. एकदा जिवंत गेली, एकदा खोकत परतली आणि तिसऱ्यांदा अशी. नदी तिथून दिसेल असं वाटलं होतं, पण झाडी दाट आहे. अधूनमधून खालून आगगाडीचा आवाज मात्र येतो.

येताना पिवळ्या शेवंतीचा गुच्छ आणला होता. कार्यालयात विचारून घेतलं होतं, ठेवायला हरकत नव्हती. सगळा तिच्यापुढे ठेवला आणि उठले. चार पावलं गेले नि परत फिरले. निम्मी फुलं उचलली आणि त्याच लॉटमधल्या एमींच्या दगडांपुढे एकेक करून ठेवली. आजोळची माणसं ती.