चहाची वही: आता फ्रिजियन पेला

तुर्की चहावर हात बऱ्यापैकी बसला. दुमजली किटलीत खाली पाण्याला उकळी आणि वर पत्ती मंद वाफेवर पंधरा-वीस मिनिटं मुरत ठेवायची. ग्लासात आधी वरचा अर्क, मग खालचं पाणी. कडक पिणारा आणि फिका पिणारा, दोघंही एकाच किटलीवर खूश! मुरलेल्या चहाच्या रंगाला तिकडे सशाच्या रक्ताची उपमा देतात. तो रंग आता हमखास जमतो. (तुर्कस्तान आणि अझरबैजानची ही चहासंस्कृती 2022 पासून युनेस्कोच्या यादीत आहे.)

सध्या मात्र डोक्यात पूर्व फ्रिजिया आहे, जर्मनीचा वायव्य किनारा. तिथला चहा म्हणजे आसामचा भरणा असलेलं कडक मिश्रण. छोट्या पेल्यात आधी खडीसाखरेचा मोठा खडा ठेवायचा आणि त्यावर गरम चहा ओतायचा. खडा तडतडतो, तो आवाज आला नाही तर मजाच नाही. मग छोट्या पळीने पेल्याच्या कडेकडेने साय सोडायची. ती आधी तळाशी जाते आणि ढगासारखी फुलून वर येते. आणि ढवळायचं नाही! पहिला घोट सायीचा मऊ, मधला तुरट, शेवटचा गोड. साखर विरघळवून टाकणाऱ्याला हे आधी विचित्र वाटेल, पण एकाच पेल्यात तीन चवी मिळत असताना त्या एक करायची घाई कशाला?

साय घट्ट नको, सैलसर हवी. घट्ट साय ढग करत नाही, तवंगच धरते. चहाही जाळ गरमच हवा.

चमचा मग कशाला देतात? पेल्यात ठेवायला. तो ठेवेपर्यंत यजमान ओतत राहतो, आणि तीन पेल्यांच्या आत चमचा ठेवणं बरं दिसत नाही. तुर्कस्तानातही पुरे झालं की चमचा ग्लासावर आडवा ठेवतात. तोंडाने 'नको' म्हणायची वेळच येत नाही, ही मला यातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते.

पुढे चीनची छाओझोउ पद्धत. उलाँग या अर्धवट आंबवलेल्या चहाची पत्ती गायवानमध्ये, म्हणजे झाकणाच्या वाटीत, भरपूर, साधारण 100 मिलिलिटरला 7 ग्रॅम, आणि पहिली धार दहाएक सेकंदांतच ओतायची. तीच पत्ती पुन्हा पुन्हा चालते, दर खेपेला चव बदलते. सध्या गार पाणी घेऊन ओतायचा सराव चालू आहे. गायवान काठोकाठ भरलं नाही तर कडा धरता येते, बोटं भाजत नाहीत.