चिंचेपासून जपा

खासगी टांकसाळीतून निघालेलं चांदीचं पदक नाण्यासारखं दिसतं आणि वाजतंही तसंच. फक्त त्यावर ‘इतके रुपये’ असं कुठे लिहिलेलं नसतं. चलन पाडायचा हक्क सरकारचा. त्यामुळे या चकतीला आधार दोनच: आतली चांदी आणि वरची झळाळी.

झळाळीवर केवढा धंदा उभा राहतो, ते अमेरिकेतल्या फ्रँकलिन मिंटने दाखवलं. जोसेफ सेगल यांनी ती १९६४ साली काढली आणि सरकारी टांकसाळीतले मुख्य कोरीवकार गिलरॉय रॉबर्ट्स यांनाच तिकडे आणलं. केनेडींच्या अर्ध्या डॉलरवरचा चेहरा त्यांच्याच हातचा. पदकं ९२५ चांदीची (हजार भागांत ९२५ भाग शुद्ध), प्रूफ म्हणजे आरशासारख्या झळाळीच्या दर्जाची, वर्गणीदाराच्या घरी ठरावीक मुदतीने एकेक करत येणारी. आवृत्ती ‘मर्यादित’, पण ती मर्यादा बऱ्याचदा वर्गणी भरायच्या शेवटच्या तारखेची! ज्याला हवं त्याला मिळून चुकलेलं. मग पुढे चढ्या भावाने घ्यायला उरलं कोण? जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या घरात गेली, तेव्हा असे कितीतरी संच सरळ मुशीत गेले.

म्हणून घेताना हिशोब आधी करावा. २६ ग्रॅमच्या ९२५ पदकात शुद्ध चांदी २४.०५ ग्रॅम. त्यावर मागितलेले पैसे डबीचे, प्रमाणपत्राचे आणि हौसेचे. हौसेला मोल नसतं हे खरं, पण मोडायला गेल्यावर सराफ प्रमाणपत्र वाचत बसत नाही. ‘जर्मन सिल्व्हर’ असेल तर त्यात चांदी औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त. नुसता मुलामा असल्याची शंका आली तर वजनकाट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि पदक दोऱ्याने पाण्यात लोंबतं सोडावं, तळाला टेकू न देता. २६ ग्रॅमचं ९२५ पदक साधारण २.५ दाखवतं, मुलाम्याचं पितळ ३ च्या पुढे जातं. हा प्रयोग साध्या पदकावर करावा, प्रूफवर पाण्याचे डाग राहतात.

प्रूफचं प्रकरणच नाजूक. पदक ज्याने छापतात त्या ठशाची सपाट बाजू आरशासारखी घासतात, चित्राचा भाग मुद्दाम खरबरीत करतात, चकतीही चकचकीत करून घेतात आणि किमान दोनदा दाब देतात. म्हणून काळ्याभोर आरशातून पांढरा चेहरा वर आल्यासारखा दिसतो. बोट लागलं की ठसा उमटतो आणि काही महिन्यांनी तपकिरी होऊन कायमचा बसतो. धरायचं ते कडेने.

आणि आपल्याकडे दिवाळी आली की चांदी घासायला निघते! चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, सगळं हाताशी. समईला ते चालतं. पण रांगोळी म्हणजे दगडाची पूड, टूथपेस्टही खरखरीतच. आरशावर केसासारखे ओरखडे उठतात आणि ते परत जात नाहीत. काळेपणा हवेतल्या गंधकामुळे येतो. तो एकसारखा, निळसर-सोनेरी चढला असेल तर तसाच राहू द्यावा, आम्हाला तर तो आवडतो. रबरबँड, स्पंज, वर्तमानपत्र यांपासून मात्र लांब. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात हिरवट चिकटा धरतो. तो शुद्ध ॲसिटोन या चटकन पेटणाऱ्या द्रावकात, काचेच्या भांड्यात, न चोळता जातो. खिडकी उघडी हवी आणि देवघरातला दिवा दूर. रंगीत पदक त्यात बुडवलं तर रंगही जाईल. ठेवायला ॲक्रिलिकची कॅप्सूल, मिलिमीटर मोजून घेतलेली. सैल असली तर पदक आत खुळखुळतं आणि कड झिजते.

लक्ष्मीपूजनाला साधं दहा ग्रॅमचं वेगळं ठेवावं. प्रूफला पंचामृत घातलं की कुंकू त्या खरबरीत चेहऱ्यात जाऊन बसतं, ते पुढच्या दिवाळीलाही तिथेच असतं.